तिथी कळते, महिना कळत नाही

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर बरोबर अकरा वर्षांनी, ३० जुलै २०२५ रोजी, श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ उपग्रह झेपावला. ‘इस्रो’ आणि अमेरिकेची ‘नासा’ यांनी मिळून बांधलेला हा उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जातो आणि जमीन काही सेंटिमीटर सरकली तरी ते टिपू शकतो. तारखेचा हा निव्वळ योगायोग. पण मुरबाडकडून आहुपे घाट चढला की माणूस आंबेगाव तालुक्यातच पोचतो. त्यामुळे आपल्या माथ्यावरचा डोंगर हलतो आहे का, हे आता वरून कळणार का, असा प्रश्न मुरबाड-शहापूरच्या वाड्यांना पडला तर नवल नाही.

उत्तर ‘हो’ असेच आहे. पण त्या ‘हो’ची फोड करून घ्यायला हवी.

पावसात रस्त्यावरच्या डबक्यात तेलाचा थेंब पडला की रंगीत पट्टे दिसतात. प्रकाशाच्या दोन लहरी एकमेकींत मिसळून ते उमटतात. शास्त्राच्या पुस्तकांत याला ‘व्यतिकरण’ म्हणतात. उपग्रहही हेच करतो. त्याच जागेवरून दोनदा रडारची लहर सोडायची आणि परत आलेल्या दोन्ही लहरींची तुलना करायची. जमीन मधल्या काळात हलली असेल, तर नकाशावर पट्टे दिसतात.

लहर आपल्या फेऱ्यात कुठे पोचली आहे, त्या अवस्थेला मराठीत ‘कला’ म्हणतात. चंद्राची कला तीच. आणि अडचणही चंद्राचीच आहे. कोर पाहून तिथी सांगता येते, महिना सांगता येत नाही. ‘निसार’च्या दोन रडारांपैकी एकाची लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांब आहे. ती जाऊन परत येत असल्यामुळे जमीन १२ सेंटिमीटर सरकली की एक पट्टा पूर्ण होतो. म्हणजे ३ सेंटिमीटर सरकलेला उतार आणि १५ सेंटिमीटर सरकलेला उतार एकाच रंगाचे दिसतात! उपाय एकच. न हललेल्या जमिनीपासून निघायचे आणि एकेक पट्टा मोजत पुढे जायचे.

१९९२ साली कॅलिफोर्नियातल्या लँडर्सच्या भूकंपानंतर असे पट्टे स्वच्छ मोजता आले, कारण तो वाळवंटी प्रदेश होता. आपल्याकडे जूनपासून चिखलणी, लावणी, पालवलेले साग आणि ऐन. बारा दिवसांत जमिनीचे रूपच पालटते. वर दमट हवा लहरीला उशीर करते आणि जमीन न हलताही हलल्याचा भास होतो. पट्टे ठिपक्याठिपक्यांनी फाटून जातात.

या गोंगाटातून वाट काढण्याची एक युक्ती गोल्डस्टीन, झेब्कर आणि वर्नर या तिघांनी १९८८ साली मांडली. शेजारच्या चार ठिपक्यांवरून फिरून मूळ जागी आले की फरकांची बेरीज शून्य यायला हवी. आली नाही, तर तिथे खोट आहे. अशा अधिक-उण्या खोटी रेषेने जोडायच्या आणि मोजताना ती रेषा ओलांडायची नाही. माझी हयात बँकेत गेली, त्यामुळे हे मला परके वाटत नाही. दिवसअखेर जमा-नावे जुळले नाही, तर फरक सगळ्या खात्यांत थोडाथोडा वाटून टाकत नाहीत. तो सापडेपर्यंत सस्पेन्स खात्यात बाजूला ठेवतात. दुसरा मार्ग सरासरी काढून ठिपके पुसण्याचा. त्याने चित्र देखणे होते, पण भेगेच्या काठावरची खरी पायरीही त्यात पुसली जाण्याचा धोका असतो.

खरा मुद्दा इथे आहे. या हिशेबातून सर्वांत आधी गळते ती चढाची, झाडीची, पावसाने भिजलेली जमीन. म्हणजे नेमका वाडीच्या डोक्यावरचा उतार. नकाशातली रिकामी जागा ‘धोका नाही’ असे सांगत नसते. ‘माहीत नाही’ एवढेच सांगते. सरकारी टेबलावर या दोन्हींचा अर्थ एकच होऊ नये, याची मला काळजी वाटते.

शिवाय दरड काही तासांच्या पावसातही कोसळते. उपग्रहाची फेरी बारा दिवसांची. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली, तशा रात्री वरचा डोळा कामी येत नाही. तो उपयोगी आहे तो महिनोन्‌महिने सावकाश सरकणारे उतार ओळखायला. शहापूरला वेगळा अनुभव नाही. भातसा धरणाच्या परिसरात १९८३ साली भूकंपाचे धक्के बसले. ते मोजले जमिनीवरच्या यंत्रांनी.

‘निसार’ची माहिती सर्वांना विनामूल्य खुली ठेवण्याचे धोरण आहे. तेव्हा ती वाचू शकणारा एक माणूस तालुक्याला मिळावा. त्याने पट्ट्यांच्या नकाशाइतकीच रिकाम्या जागांचीही यादी करावी आणि मृग लागण्याआधी त्या वाड्यांवर प्रथम पायी जावे. जमिनीला गेलेली भेग, कललेले झाड, अचानक गढूळ झालेला झरा, या गोष्टी तिथल्या म्हातारीला विचारल्या तरी कळतात. तिथी आकाशातून कळेल. महिना मात्र जमिनीवर उतरूनच मोजावा लागेल.