२१४ कोटी सेकंदांची मुदत

मंगळवार, १९ जानेवारी २०३८. भारतीय वेळेनुसार सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. पुढच्याच सेकंदाला जगातील कित्येक जुन्या यंत्रांची घड्याळे पुढे सरकण्याऐवजी थेट डिसेंबर १९०१मध्ये जाऊ शकतात. याचे कारण एक संख्या आहे : २,१४,७४,८३,६४७.

अनेक संगणक १ जानेवारी १९७०पासून उलटलेले सेकंद मोजून वेळ सांगतात. जुन्या पद्धतीत या मोजणीसाठी ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ लिहिण्याची ३२ घरे असतात. त्यातले एक घर धन-ऋण चिन्हासाठी राखीव. उरलेल्या ३१ घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे २चा ३१वा घात वजा १. तीत आणखी एक मिळवला की चिन्हाचे घर बदलते, संख्या ऋण होते आणि घड्याळ १९७०च्याही मागे ६८ वर्षे जाते.

गणितात ही संख्या जुनी ओळखीची आहे. ती मूळ संख्या असल्याचे लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२मध्ये दाखवले, तेही दृष्टी जवळपास गेलेली असताना. तिला २च्या ३०व्या घाताने गुणले की आठवी परिपूर्ण संख्या मिळते. परिपूर्ण म्हणजे स्वतःला सोडून बाकी सर्व विभाजकांची बेरीज जिची तीच येते, जसे ६ = १ + २ + ३. याहून मोठी परिपूर्ण संख्या शोधायला कोणी जाणार नाही, कारण या संख्या केवळ कुतूहलाच्या, उपयोगाच्या नाहीत, असे इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी १८११मध्ये लिहिले होते. तो अंदाज दोन्ही बाजूंनी चुकला.

या मर्यादेचे चटके आधीच बसले आहेत. २०१४मध्ये ‘गंगनम स्टाइल’ गाण्याच्या प्रेक्षकसंख्येमुळे यूट्यूबला आपला गणक मोठा करावा लागला. २०१५मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने इशारा दिला, की बोइंग ७८७ विमानाचा वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिल्यास जनरेटरची नियंत्रणे बंद पडू शकतात. २चा ३१वा घात इतके शतांश सेकंद म्हणजे जवळपास तेवढेच दिवस.

उपाय सोपा आहे : ६४ बिट. मग मर्यादा सुमारे २९,२०० कोटी वर्षांवर जाते. नवे मोबाइल आणि संगणक बहुतांशी तिकडे वळले आहेत. लिनक्सच्या गाभ्यात २०२०मध्ये ३२ बिट यंत्रांसाठीही ही सोय आली. डेबियन प्रणालीने २०२५च्या आवृत्तीत ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारली.

खरी अडचण आहे ती एकदा बसवून विसरल्या जाणाऱ्या यंत्रांची : लिफ्ट, कारखान्यातील नियंत्रक, रुग्णालयातील उपकरणे. त्यांचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे असते आणि त्यांचे सॉफ्टवेअर सहसा कोणी बदलत नाही. सगळीच बंद पडतील असे नाही. पण औषध कधी दिले याची नोंद १९०१ सालची दिसली, तर तीवर विसंबायचे कसे? शिवाय वीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते मांडणारी प्रणाली आजच २०३८च्या पलीकडे पाहत असते.

२०००च्या ‘वायटूके’ची भीती फुकाची ठरली असे आपण म्हणतो. ती टळली, कारण आधी काम झाले होते. म्हणूनच आज रुग्णालयासाठी किंवा गृहनिर्माण संस्थेसाठी यंत्र घेताना एक प्रश्न कागदावर विचारून ठेवावा : हे २०३८ पार करेल का?