देवाची छायाचित्रे कोणाच्या खिशात?

देवाच्या अलंकारांची पेटी एखादा मुखत्यार स्वतःच्या घरी नेऊन ठेवू लागला, तर महाजनांच्या सभेत गहजब होईल. आणि तो व्हावयासच हवा. परंतु त्याच देवस्थानाच्या जत्रेची, पालखीची, जीर्णोद्धाराची छायाचित्रे व चलचित्रे दहा जणांच्या मोबाईलमध्ये विखुरलेली असतात, याची कोणास खंतही वाटत नाही. विचारावे तर ठरलेले उत्तर मिळते, "ग्रुपवर टाकली आहेत ना!"

हे उत्तर फसवे आहे. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने धाडलेले छायाचित्र वाटेतच आकसते; बारकावे गळतात आणि ते कधी टिपले याची कॅमेऱ्याने केलेली नोंदही पुसली जाते. कोणी म्हणेल, आमचे सर्व गूगल फोटोजवर आहे. तेथील अमर्याद फुकट साठवणूक 1 जून 2021 पासून बंद झाली. शिवाय ते खाते व्यक्तीचे असते, देवस्थानाचे नव्हे. खातेदार गेला, की परवलीचा शब्दही त्याच्याबरोबर जातो.

यात बुडते काय, ते पाहा. गोमंतकातील व कोकणातील जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी चित्रे असत. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर कावेचा तांबडा थर चढवावयाचा आणि तो ओला आहे तोवर अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करावयाचा, अशी ती कला. जीर्णोद्धाराच्या उत्साहात कित्येक ठिकाणी ती भिंतींसकट गेली. तिच्या जागी गुळगुळीत लाद्या आल्या. (त्या लाद्यांवर दात्यांची नावे मात्र ठळक असतात!) आमच्या माहितीतील एका देवस्थानात भिंत उतरविण्यापूर्वी एका होतकरू तरुणाने तिची छायाचित्रे काढली होती. पुढे त्याने मोबाईल बदलला. आज उरले आहे ते ग्रुपवरचे चिमुकले चित्र. मोठे करून पाहिले, तर वेल कोणती आणि मोर कोणता हे ओळखता येत नाही. ती भिंत पुन्हा उभी करून नव्याने छायाचित्र घेणे कोणाच्याने होणार आहे?

म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे आहे, की प्रत्येक देवस्थानाच्या कचेरीत नेटवर्कला जोडलेली सामायिक साठवणपेटी असावी आणि ती जमाखर्चाच्या वहीप्रमाणे समितीच्या ताब्यात राहावी. चांगल्या कॅमेऱ्यातील एका तासाचे चलचित्र 45 जीबी जागा सहज व्यापते. ते मोबाईलवरून मोबाईलवर फिरविण्याचे काम नव्हे.

तथापि पेटी विकत घेतली म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांशीही आमचे भांडण आहे. तीत दोन डिस्का असतात व दोन्हींवर तेच उमटते, हे खरे. पण एखाद्याने चुकून संपूर्ण जत्रा पुसली, तर ती दोन्हींवरून एकाच क्षणी पुसली जाते. आरसा म्हणजे दुसरी प्रत नव्हे. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला दंडक असा: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. आपले कुळावी बेळगाव, वडोदरा, मुंबई असे दूरवर पसरलेले आहेत. पावसाळ्यातील वीज आणि दमट हवा यांपासून दूर असलेले एखादे विश्वासू घर समितीस सापडणार नाही काय?

राहिली व्यवस्था. "नवीन फोल्डर", "फायनल", "खरेच फायनल" अशा नावांचा ढीग म्हणजे सामायिक अडगळीची खोली. नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस असावा, म्हणजे संगणक आपोआप क्रम लावतो. आपले उत्सव तिथीने चालतात, म्हणून तिथीही हवीच: "2024-03-25 फाल्गुन पौर्णिमा पालखी". पाहण्याची मुभा सर्व भजकांना, भर घालण्याची दोघांना आणि मूळ प्रत पुसण्याची कोणासही नसावी. ज्या चित्रांवरून संकोच किंवा वाद उद्भवेल, ती समितीपुरती ठेवता येतात. सर्वच झाकून ठेवण्यास ती सबब पुरत नाही.

"हे पोरांचे काम" असे म्हणून अंग झटकणाऱ्या वडीलधाऱ्यांस एकच विचारावेसे वाटते. पोरे फाईल उतरवून घेतील. पण जुन्या कृष्णधवल चित्रात पालखीचा पुढचा दांडा कोणी धरला आहे, हे त्यांना कोण सांगणार? ती नावे तुमच्यापाशी आहेत. ती चित्राच्या आतील वर्णनात लिहिली, म्हणजे प्रत कोठेही गेली तरी नावे तिच्याबरोबर जातात. हे काम आणखी दहा वर्षांनी करता येणार नाही.

विद्युत् रोषणाईवर व ध्वनिक्षेपकांवर एका रात्रीत होणारा खर्च ज्यांना जड वाटत नाही, त्यांनी या पेटीसाठी निधी नाही असे म्हणू नये. पुढील सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय यावा. आणि ज्यांच्या खिशात देवाची छायाचित्रे आहेत, त्यांनी त्या सभेस येताना ती बरोबर आणावीत.