विजेची स्कूटर आणि घरांतील सावधगिरी

माण-हिंजवडीकडे नोकरीसाठीं जाणाऱ्या मंडळींच्या घरीं विजेची स्कूटर ही आतां नवलाईची वस्तु राहिलेली नाहीं. पेट्रोलचा खर्च नाहीं, धूर नाहीं, आवाज नाहीं. तेव्हां तिचें कौतुक व्हावें यांत आश्चर्य तें काय? परंतु जी वस्तु आपण रात्रभर घरांत ठेवतों, तिचा स्वभाव ओळखून असणें हें कर्त्या मंडळींचें कर्तव्यच होय.

मार्च २०२२ मध्यें पुण्यास धानोरी-लोहगांवच्या बाजूस रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक स्कूटर पेटली. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. त्याच वर्षीं सप्टेंबरांत वसईस मात्र अनर्थ घडला. घरांत चार्जिंगला लावलेली बॅटरी पहाटे फुटली, आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढें दगावला.

असें कां व्हावें? लिथियम-आयन बॅटरीच्या प्रत्येक घटांत ज्वालाग्राही द्रव असतो. आघातानें, पाणी शिरल्यानें किंवा भलत्या चार्जरनें एखादा घट बिघडला म्हणजे तो तापतो, आपली उष्णता शेजारच्यास देतो, आणि हां हां म्हणतां सारी पेटी भडकते. विझलीशी वाटलेली बॅटरी कांहीं तासांनीं पुन्हां पेट घेऊं शकते.

या अपघातांनंतर सरकारनें ‘एआयएस-१५६’ हें मानक कडक केलें. त्याचे टप्पे १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ पासून लागू झाले. स्कूटर घेतांना त्याची चौकशी अवश्य करावी. तथापि आपल्या घरांत पहारा कायद्यानें करावयाचा नसतो. तो आपणच केला पाहिजे.

म्हणून पुढील नियम पाळावे:

१. चार्जर कंपनीनें दिलेलाच वापरावा. जुन्या वायरींवर किंवा लोंबत्या बोर्डावर तो लावूं नये.

२. बाहेरून आल्याबरोबर तापलेली बॅटरी चार्जिंगला लावूं नये. ती निवूं द्यावी.

३. सारीं माणसें निजलीं असतां चार्जिंग चालूं ठेवूं नये.

४. दारापाशीं किंवा जिन्याखालीं बॅटरी कदापि ठेवूं नये. आग लागल्यास वृद्धांची व मुलांची बाहेर पडण्याची वाट तीच असते.

५. बॅटरी फुगली, आपटली किंवा पाण्यांत बुडाली, तर ती अधिकृत कारागिरास दाखविल्यावांचून वापरूं नये.

६. धूर किंवा फुसफुस आढळतांच ती उचलूं पाहूं नये. तो धूर विषारी असतो. सर्वांनीं बाहेर पडावें, दार ओढून घ्यावें व १०१ क्रमांकावर अग्निशामक दलास कळवावें.

आपल्या आजीबाई चुलींतला विस्तव राखेनें झांकून, एकवार पाहून, मगच अंथरुणाला पाठ टेकीत. चूल गेली, निजण्यापूर्वीं एकवार पाहण्याची ती संवय मात्र जाऊं देऊं नये.