ओरखडा कोणाच्या अंगावर?

निवडणुकीच्या रणधुमाळीत व्यंगचित्रकाराचा कुंचला मोकाट सुटला, की सत्ताधाऱ्यांची प्रतिष्ठा दुखावते आणि मग तो कुंचला आवरण्यासाठी त्यांना कायद्याची आठवण होते. हा रोग आजचा नाही. अमेरिकन लोकशाहीच्या बाल्यावस्थेतच तो उद्भवला होता.

अध्यक्ष जॉन ॲडम्स आणि उपाध्यक्ष टॉमस जेफर्सन हे १८०० च्या निवडणुकीतील प्रतिस्पर्धी. त्या सुमारास निघालेल्या एका अनामिक चित्रात जेफर्सन फ्रेंच जुलूमशाहीच्या वेदीपुढे गुडघे टेकून बसले आहेत आणि राष्ट्राचा गरुड झडप घालून त्यांच्या हातून राज्यघटना वाचवीत आहे, असे दाखविले होते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या कर्त्यालाच देशद्रोही ठरविणे हा अतिरेक होता खरा. परंतु १७९८ चा राजद्रोहाचा कायदा हा त्याहून मोठा अतिरेक होता. सरकार, काँग्रेस व अध्यक्ष यांची बदनामी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार डॉलरपर्यंत दंड त्यात ठेवला होता. उपाध्यक्षांना मात्र त्याचे संरक्षण नव्हते! जेफर्सन यांना खुशाल काळे फासावे, ॲडम्स यांना शब्दानेही डिवचू नये, असा हा न्याय! व्हरमाँटचे प्रतिनिधी मॅथ्यू लायन यांना या कायद्याखाली चार महिने तुरुंगात बसावे लागले. मतदारांनी त्यांना तेथूनच पुन्हा निवडून दिले. ॲडम्स यांचा पराभव झाला आणि मार्च १८०१ मध्ये मुदत संपून तो कायदाही लयाला गेला.

पुढे १८३३ च्या सुमारास अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना मुकुट व राजदंड देऊन, हाती नकाराधिकाराचा कागद आणि पायाखाली फाटलेली राज्यघटना दाखवून, विरोधकांनी 'राजा' बनविले. चित्र झोंबणारे होते. पण राष्ट्रीय बँकेची सनद नाकारणाऱ्या सत्ताधीशाला त्याच्या अधिकाराबद्दल जाहीरपणे विचारलेला तो जाब होता. व्यंगचित्राचे खरे कार्य हेच होय.

तथापि, व्यंगचित्रकाराची बाजू घेताना त्याची पापे झाकण्याचे कारण नाही. १८०४ च्या सुमारास जेम्स एकिन याने जेफर्सन यांना कोंबडा आणि त्यांच्या घरची गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज हिला कोंबडी म्हणून रंगविले. त्या दोघांच्या संबंधाची कुजबुज खोटी नव्हती, असेच आज बहुतेक इतिहासकार मानतात. १९९८ च्या जनुकीय तपासणीनेही त्यास बळकटी दिली. परंतु आरोप खरा असल्याने चित्र न्याय्य ठरत नाही. मालकाला नकार देण्याचा कायदेशीर हक्कच जिला नव्हता, तिच्यावर होणाऱ्या अन्यायाचा एकिनला राग नव्हता; तिच्या वर्णाचे त्याला हसू होते. जेफर्सन त्याच वर्षी प्रचंड मताधिक्याने पुन्हा अध्यक्ष झाले. ओरखडा उरला तो मूक हेमिंग्जच्या अंगावर.

मग अशा चित्रांसाठी कायदा हवा काय? मुळीच नको. कायदा सत्ताधाऱ्यांच्या हाती असतो आणि तो हेमिंग्जसाठी नव्हे, ॲडम्ससाठीच धावतो, हे १७९८ ने सिद्ध केले आहे. अशा चित्रांचा न्याय वाचकानेच केला पाहिजे. चित्र पाहून हसू आले, की त्याने क्षणभर थांबून एवढेच स्वतःला विचारावे: मी बलवानाला हसत आहे, की असहायाला?