सांधा मिटवितो कोण, आणि दाखला नाहीं कोणाला?





शेतकरी व कारागीर बांधवांनो, आपलीं पोरें पुण्यामुंबईस जाऊन इमारतीच्या कामावर लागतात. तेथें कचेऱ्यांतून व दवाखान्यांतून विटांच्या जागीं आतां जिप्सम बोर्डाच्या भिंती आणि छतें येत आहेत. पत्र्याच्या सांगाड्यावर बोर्ड स्क्रूनें कसावयाचे, सांध्यावर कागदी पट्टी बसवावयाची, तिजवर मसाल्याचे हात द्यावयाचे, प्रत्येक हात मागल्याहून रुंद. मग सुकल्यावर घासावयाचें. तिरपा उजेड पाडला तरी सांधा ओळखूं येतां कामा नये. काम दिसतें सोपें. पण हात जरा चुकला कीं रंग लागल्यावर सारी भिंत चुगली करते.

शहाणे लोक म्हणतात, "मजुरास शिक्षण कशाला? पाहून पाहून येतें." मग हे शहाणे आपल्या मुलास डॉक्टरकी पाहून पाहून कां शिकवीत नाहींत? तेथें कॉलेज पाहिजे, परीक्षा पाहिजे, सनद पाहिजे! आमच्या पोरानें मात्र वर्षानुवर्षें हेल्पर म्हणून राबावें, आणि ठेकेदार म्हणेल त्या दिवशीं मिस्त्री व्हावें. पाहून काम येतें हें खरें. पण ज्याच्याजवळ पुरावा नाहीं, त्याच्या कसबाचें मोल दुसराच ठरवितो. आणि बाया? त्या मसाला कालवितात, ओझें वाहतात; त्यांच्या हातीं पुट्टीचें पातें कोणी देतच नाहीं.

अमेरिकेंत हा स्वतंत्र धंदा मानतात. तेथें कामगार संघाच्या उमेदवारींत मुलगा पगार घेत शिकतो, आणि शिकेल तसा पगार चढतो. भिंतीच्या सफाईच्या शून्यापासून पांचपर्यंत पायऱ्या ठरल्या आहेत. त्यामुळें किती काम झालें व त्याचा दाम काय, हें बोलतां येतें. १९९९ सालीं तेथील सरकारी संशोधकांनीं प्रसिद्ध केलें कीं, मसाला घासतांना उडणारी धूळ कायद्याच्या मर्यादेच्या दहापटींपर्यंत जाते, आणि धूळ ओढून घेणारें यंत्र लाविल्यास ती पुष्कळ कमी होते. आमच्या पोराच्या तोंडाला काय असतें? एक रुमाल!

आपल्याकडे कायदा नाहीं असें नाहीं. १९६१ च्या उमेदवारी कायद्याखालीं ३० वा अधिक माणसें असलेल्या कारखानदारानें वा कंपनीनें उमेदवार घ्यावे व त्यांस विद्यावेतन द्यावें, असा नियम आहे. २०१५ सालच्या कौशल्य योजनेनें, कामावर शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्यास दाखला देण्याची वाट काढली. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेंत १८ धंदे घेतले. गवंडी व सुतार यांस पांच ते सात दिवसांचें शिक्षण, दिवसास ५०० रुपये आणि हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत मदत. पण बोर्डाचा सांधा मिटविणारा त्या यादींत नाहीं. शिवाय गवंड्याचा हात एका आठवड्यांत बसतो, असें कोणता गवंडी म्हणेल?

म्हणून दाखल्याच्या नांवानें भुलूं नका. हजेरी मांडून आणि फोटो काढून मिळालेला कागद म्हणजे पोळ्याच्या बैलाची झूल. एक दिवस मिरवणूक, दुसऱ्या दिवशीं पुन्हां जूं. कोणी शिकवण्याचे पैसे मागूं लागला तर त्यास तीन प्रश्न विचारा. किती दिवस खऱ्या भिंतीवर हात चालवूं देणार? परीक्षा घेणाऱ्यानें स्वतः कधीं पातें धरलें आहे काय? आणि पूर्वीं शिकून गेलेल्यांचा रोज किती वाढला? उत्तर न आल्यास घरची शेळी विकूं नका.

मागावयाचें तें हें मागा: लेखी उमेदवारी, शिकतांना वेतन, कामाच्या भिंतीवर परीक्षा, मराठींत दाखला, धुळीपासून बचावाचें साहित्य ठेकेदाराच्या खर्चानें, आणि हें सर्व मुलींनाही. एकट्यानें मागितल्यास ठेकेदार दुसरा माणूस आणील. एका गावचीं वीस पोरें मिळून मागतील तर त्यास ऐकावें लागेल. कसब आमचें आहे. त्याचा पुरावाही आमच्याच हातीं असला पाहिजे.

आपला,
एक खेड्यांतील मास्तर