छिन्नमनस्कता ही प्रतिमा नव्हे

मराठी समीक्षेत ‘स्किझोफ्रेनिक’ हे विशेषण फार स्वस्त झाले आहे. नायक दुभंगलेला असो, निवेदन तुटक असो वा जाणीव महानगरी असो, ते चिकटवले की विवेचन संपते. १९८४ साली फ्रेडरिक जेम्सनने उत्तर-आधुनिक संस्कृतीसाठी ही संज्ञा वापरली तेव्हा आपण वर्णन करतो आहोत, निदान नव्हे, असे त्याने स्पष्ट केले होते. आपल्याकडे विशेषण तेवढे आले. ती अट वाटेतच गळाली.

या सवयीचेच दुसरे रूप म्हणजे उपचारांविषयीचा तिटकारा. मेंदूला वीज लावून भास पुसणे म्हणजे प्रतिभेचे खच्चीकरण, असे म्हणणारे साहित्यवर्तुळात कमी नाहीत. आमचा विरोध या भूमिकेला आहे.

प्रत्यक्षात काय केले जाते? राल्फ हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली येल विद्यापीठातील प्रयोग प्रसिद्ध केला. डाव्या कानामागच्या वरच्या बाजूस, बोललेले शब्द उमगण्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागावर, कवटीबाहेरूनच सेकंदाला एक या मंद गतीने चुंबकीय स्पंदने दिली, आणि काही रुग्णांना ऐकू येणारे आवाज ओसरले. २०१२ साली फ्रान्समधील ब्रुनेलँ व सहकाऱ्यांनी ३० रुग्णांना २ मिलिअँपिअरचा प्रवाह वीस-वीस मिनिटे, दिवसातून दोनदा, पाच दिवस दिला. उपचार मिळालेल्या गटात श्रवणभास सरासरी ३१ टक्क्यांनी घटले. यात भूल नाही, आकडी नाही. लोकांच्या मनात असलेला ‘शॉक’ तो हा नव्हे. बेंगळुरूच्या निमहान्समध्येही या पद्धतीच्या चाचण्या झाल्या आहेत.

हा रामबाण उपाय आहे असे आम्ही म्हणत नाही. नंतरच्या काही चाचण्यांत फरक आढळला नाही, आणि औषधांची जागा या उपचाराने घेतलेली नाही. पण हे कळले कसे, ते पाहण्याजोगे आहे. या चाचण्यांत काही रुग्णांना लटके उत्तेजन दिले जाते: साधने तीच, विधी तोच, परिणामकारक प्रवाह मात्र नाही. आपला सिद्धान्त खोटा ठरण्याची सोय संशोधक स्वतःच करून ठेवतो. ‘स्किझोफ्रेनिक संवेदना’ या आपल्या लाडक्या संज्ञेची अशी कसोटी कोणी घेतली आहे काय?

आवाज ऐकू येणारी प्रत्येक व्यक्ती रुग्ण नसते, आवाजांना अर्थ असू शकतो, हे नेदरलँड्समधील मारियुस रोम यांच्या कामातून १९८०च्या दशकापासून पुढे आले आहे. ते आम्हांस मान्यच आहे. मात्र तो अर्थ ठरवण्याचा हक्क आवाज ऐकणाऱ्याचा आहे, समीक्षकाचा नव्हे. दिवसरात्र शिव्या आणि हुकूम ऐकणारा माणूस शांतता मागत असेल, तर त्याच्या यातनेत काव्य शोधणे ही रसिकता नव्हे, निर्दयता आहे.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या ‘देवराई’ या चित्रपटाने या आजाराकडे घरातल्या माणसाचा आजार म्हणून पाहिले. समीक्षेने निदान तेवढे तरी करावे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधात हे विशेषण आले की मार्गदर्शकाने एकच प्रश्न विचारावा: हे वाक्य तुम्ही रुग्णासमोर वाचू शकाल का?