पाण्याचा हिशेब भिंतीवर लावा



उजनीत आज पाणी किती, हे सोलापूर जिल्ह्यात कुणालाही विचारा, टक्के सांगेल. धरण 117 टीएमसीचं. त्यातलं तळाचं 63 टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठा धरतात, म्हणून पाणी असूनही धरण 'मायनस'मध्ये जातं. हे टपरीवरचा माणूससुद्धा समजावून सांगतो. कारण आकडा पेपरात येतो. आकडा दिसला की माणूस शिकतो, आणि भांडतोही.

आता आपल्या वस्तीच्या टाकीचं विचारा. पाणी किती चढवलं? टीसीएल पावडर कधी टाकली? मोटार दुरुस्तीला किती गेले? कुणालाच माहीत नाही. आमच्या वस्तीवर नळ बंद पडला तेव्हा मी विचारायला गेलो. म्हणाले, अर्ज कर. अर्ज केला तर म्हणाले, फाईल साहेबांकडं आहे. तोवर बाया लांबच्या विहिरीवरनं घागरी वाहत होत्या.

खरं तर अर्जाची पाळीच येऊ नये. माहिती अधिकार कायदा 2005, कलम 4 बघा. कार्यालयानं आपणहून माहिती जाहीर करायची, ती पण तिथल्या भाषेत आणि लोकांना सहज मिळेल अशी. नोटीस बोर्ड आणि जाहीर पुकारा हे मार्ग कायद्यातच लिहिलेत. म्हणजे दवंडीसुद्धा चालते. नुसतं वेबसाईटवर टाकून भागत नाही. आपल्याकडं रेंज कुठं असते?

पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या ठिकाणांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका. अक्षर न येणाऱ्या आजीलाही कळेल अशी ही माहिती. तुमच्या गावचं कार्ड तुम्ही पाहिलंय?

काही साथी म्हणतात, आधी जमीन, पाण्याचं नंतर बघू. मला हे पटत नाही. वनहक्काचा दावा कुठं अडकला, हेही आपल्याला असंच कळत नाही. कागद लपला की हक्क लपतो. रोग एकच आहे.

म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. टाकीच्या भिंतीवर दर महिन्याला लिहायचं: पाणी किती दिवस आलं, जलजीवनचं माणशी रोज 55 लिटर मिळालं का, पाणी तपासल्याची तारीख, कार्डाचा रंग, पाणीपट्टीचा जमाखर्च.

आणि पाणी समितीत आपलीच माणसं असली, तरी त्यांनाही सूट नाही. आपण हिशेब मागणार असू, तर आधी आपला हिशेब उघडा पाहिजे.

जिंदाबाद!